मनगटापुरती आई

आमच्या ठकीला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि वासही कळत नाही. एका दुर्मीळ सिंड्रोमची ही जन्मजात देणगी. त्याचं नाव घेताना नातेवाइकांची बोबडी वळते, म्हणून ते "तुमच्या मुलीचं ते" एवढ्यावर भागवतात. त्यात शाळेच्या बाईंनी नवीन शंका काढली, हिला ऑटिझमही असेल का? मी भडकलेच. म्हटलं, "एवढं कमी पडलं म्हणून आणखी एक चिकटवताय का पोरीला?"

बाईंचं म्हणणं, ठकी माणसांचे हात झिडकारते आणि एकच झाकण तासन्‌तास फिरवत बसते. जिला बाहेरचं जग पोचतच नाही तिने झाकण नाही तर काय फिरवायचं, हे मी त्यांना सुनावलं. शिवाय मला ती कुठे झिडकारत होती?

आमच्या घरात प्रत्येकाची एक खूण आहे. ठकीचे बाबा म्हणजे घड्याळाचा खडबडीत पट्टा. मी म्हणजे डाव्या हातातलं जाड पितळी कडं. ती लहान असताना शाळेनेच बजावलं होतं, खूण काढू नका, तिचा गोंधळ उडेल. मी ते अंघोळीलासुद्धा काढलं नाही. ठकी कडं चाचपायची, खुदकन हसायची आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकायची. त्या हसण्यावर मी सगळे दिवस काढले, खोटं कशाला बोलू!

शेवटी शंका फिटावी म्हणून ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्या अशाच मुलांना तपासतात. ऑटिझमची ठरलेली प्रश्नावली त्यांनी बाजूलाच ठेवली. "पहिलाच प्रश्न आहे, मूल नजरेला नजर देतं का? काय लिहू सांगा!" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसातलं शेवटचं हसू मला तिथे आलं.

मग त्यांनी विचारलं, "हे कडं जरा काढून द्याल?"

साबण लावून ते कसंबसं निघालं. त्यांच्या मदतनीस मुलीने ते हातात घातलं आणि ठकीशेजारी जाऊन बसली. ठकीने कडं चाचपलं. खुदकन हसली. आणि त्या मुलीच्या खांद्यावर डोकं टाकलं, अगदी माझ्या खांद्यावर टाकते तसंच. नंतर मी मोकळा हात पुढे केला. तिने माझं मनगट चाचपलं, तिथे काहीच नव्हतं, तेव्हा दोन्ही हातांनी मला ढकलून दिलं.

डॉक्टरबाईंनी उगाच धीर दिला नाही. "मला ऑटिझमची शंका आहे, पण एवढ्यावरून मी ठप्पा मारणार नाही," त्या म्हणाल्या. "नजर नाही, कान नाहीत, वासही नाही. तिच्या वाट्याला आई आली ती मनगटापुरतीच. त्यापुढे तिला जाताच येत नाही, की जायची कधी गरजच पडली नाही, ते शोधायला वेळ लागेल."

"पण ती मला ओळखते का?" मला फक्त एवढंच हवं होतं. ऑटिझम असो नाहीतर नसो.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी खरं सांगावं म्हणून मी आजवर भांडत आले. त्या दिवशी मात्र त्या खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी रडत तिथून निघाले ती कडं त्या मुलीच्या हातातच विसरून. घरी आल्यावर लक्षात आलं. फोन लावला तर दवाखाना बंद झालेला. ठकीचे बाबा म्हणाले, "उद्या उघडल्या उघडल्या घेऊन येतो. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

संध्याकाळी ठकी आईला शोधायला लागली. आधी ओट्यापाशी गेली, मग पलंगाच्या माझ्या बाजूला, मग दाराशी. येता-जाता मला धडकत होती. धडकली की मनगट चाचपायची आणि पुढे जायची. मेली शोधत होती मलाच! बरं वाटावं की ऊर फुटावं, मला कळेना.

शेवटी दमली आणि माझ्या शेजारी बसली. आपणहून माझा हात ओढून घेतला. कोणाचाही हात न घेणारी ही पोर! अंगठा आणि बोट यांचं कडं करून तिने माझ्या मनगटाला वेढा घातला. शाळेने शिकवलेल्या, हातावर करायच्या खुणांच्या तिच्या भाषेत याचा अर्थ आई. मग तळवा उघडा ठेवून थांबली. आई कुठे आहे, असं ती एका परक्या बाईला विचारत होती.

मी तिचा हात माझ्या छातीवर ठेवला, तिच्या मनगटाला तसाच वेढा घातला आणि पुन्हा छातीवर थोपटलं. आई. ही मी. तिने हात हिसकावून घेतला आणि पुन्हा विचारलं, या वेळी जरा जोरात, मला कळलं नसेल असं समजून.

मग मी तिच्या हातावर खुणेने सांगितलं, आई उद्या येईल.

ते तिला पटलं. माझा हात सोडून ती उठली आणि शहाण्यासारखी जाऊन झोपली.