गोकुळ सर आणि बुरशी

मेहकरात गोकुळ सरांची विद्वत्ता सर्वमान्य होती. ओल्या पावावरची बुरशी ते आठवीच्या वर्गातून अशा थाटात फिरवीत, की जणू ती त्यांनीच तपश्चर्येने मिळवली असावी. अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर उपकारक जंतूही मरतात आणि मोकळ्या रानात बुरशी माजते, हे त्यांना तोंडपाठ होते. तो नियम बायकोच्या देहालाही लागू असतो, एवढे मात्र त्यांना सोयीने आठवत नसे.

दोन महिन्यांपूर्वी घशासाठी गोळ्या घेतल्या आणि रेणुकाला खाली खाज सुटली, पांढरे जाऊ लागले. सरांनी स्वहस्ते तिची पिशवी भरून तिला मोताळ्याला, माहेरी धाडले. "नीट झाली की ये." गल्लीने त्यातून तिच्या चारित्र्याविषयी नाना अर्थ काढले; खंडनमंडनात निष्णात असलेल्या सरांनी एकाही अर्थाचे खंडन केले नाही.

आता दाढ सुजली होती. गोळ्या टळणाऱ्या नव्हत्या, आणि ती पिशवी पुन्हा उचलायची रेणुकाची तयारी नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे बाईची चौकशी नवऱ्याकडे केली. "मागं गोळ्यांचा काही त्रास?"

"छे, काहीच नाही," तो देह आपलाच असल्यासारखे सर उत्तरले.

"झाला होता," सुजल्या गालाने रेणुका म्हणाली. "खाली खाज सुटली होती. ह्यायनं मले माहेरी धाडलं."

बाकावरची माणसे खोकायची थांबली.

"मग तवाच सांगायचं नं, बाई! गोळ्यायनं होते असं कधी कधी. पण दाढेच्या गोळ्या अर्ध्यात सोडू नका. सोबत बुरशीची गोळी अन् मलम लिहून देतो. आतून साबण लावू नका, कपडे सुती अन् कोरडे ठेवा."

बाहेर येताच सर फुत्कारले, "चारचौघात शोभते का हे?"

ती सरळ बसस्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात शिरली. दुकानदार शाकिरने चिठ्ठी पाहून मलमाची नळी काढली आणि हसला.

"वहिनी, हे तर सरचंच मलम! दोन महिने झाले, नेऊनच राह्यले. म्या म्हटलं, सर, वहिनीलेबी पाह्यजे असन. तर म्हणे, तिले काय झालं?"

सरांना भिंतीवरचे कॅलेंडर एकाएकी वाचनीय वाटू लागले.

"दोन द्या, शाकिरभाऊ."

एक नळी तिने स्वतःच्या पिशवीत टाकली, दुसरी सरांच्या खिशात.

"जानेफळची गाडी लागली," ती म्हणाली. "तुमच्या मायजवळ जा. नीट झाले की या."