तिसरा पुकारा

मी बाक बोलतोय. सागवानी, चार पायांचा, पाठ नसलेला. बसा की, अंग चोरू नका. आता माझ्यावर कोणीही कुठंही टेकावं, माझी हरकत नाही. मधली काही वर्षं मात्र डाव्या कडेला बसायची सोय नव्हती. तिथं एक जण आधीच बसलेला असायचा, आणि तो मेलेला होता.

दचकलात ना? मग आधीपासूनच सांगतो.

माझा जन्म मारेगावाकडच्या जंगलातला. झाड म्हणे फार उंच होतं. मला त्यातलं काही आठवत नाही, मला आठवतो तो रंधा. इंग्रजांनी आमच्या तालुक्याच्या गावात कोर्टासाठी दगडी कचेरी बांधली, तेव्हा सुतारानं एकाच खोडातून साहेबाचं टेबल, साक्षीदाराचा कटघरा आणि मला घडवलं. ते दोघे भाऊ आत जाऊन मोठे झाले. मला ठेवलं व्हरांड्यात, दाराला लागून, लोकांच्या पायांची धूळ खायला. पण खरं सांगू का, माणूस कळतो तो बाहेरच. आत गेला की शपथ घेतो आणि पाठ करून आणलेलं बोलतो.

माझ्यावर साक्षीदार बसायचे. खोटा साक्षीदार ऐसपैस बसतो, पान खातो, शेजाऱ्याला गाव विचारतो. खरा बिचारा काठावर बसतो आणि सारखं पाणी मागतो. इतकी वर्षं बुडाखालून माणसं ओळखली मी. न्यायाधीशांना चेहरे दिसायचे, म्हणून ते फसायचे.

पुकारे करायचा वाहिद. अंगानं काडी, पण आवाज असा की बाजारातला बैल मान वळवायचा. खटला निघाला की तो उंबऱ्यावर उभा राहायचा, नजर समोरच्या कडुलिंबाच्या झाडांवर लावायचा आणि बापाच्या नावासकट हाळी द्यायचा, “अमुक वल्द तमुक, हाजिर हैऽऽ?” असं तीनदा. तिन्ही वेळा उत्तर नाही आलं की आत वळून सांगायचा, “हाजिर नाही, साहेब.” झालं, तो माणूस त्या कचेरीपुरता नाहीच.

वाहिदचा एक नेम होता. मेलेल्या माणसाला तो पुकारत नसे. शंका आली तर आधी वकिलाला विचारायचा, “जिता हाये ना हो?” वकील हसायचे. तो नाही हसायचा.

आता ती गोष्ट. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षीची, छप्पन्न सालची. गावात युनूस नावाचा मिस्त्री होता. इंजिन कुठलंही असो, कान लावून रोग सांगायचा. जिनिंगमधल्या गोदामातून कापसाच्या गाठी गेल्या आणि आळ त्याच्यावर आला, कारण जिनिंगचं इंजिनही तोच बघायचा आणि गोदामाची किल्ली त्याच्याकडे असायची. युनूस म्हणाला, त्या रात्री मी गावातच नव्हतो, बबनरावांच्या मळ्यात त्यांचं विहिरीवरचं इंजिन उघडून बसलो होतो. बबनराव भला कास्तकार. त्यानं एवढं एकच वाक्य कचेरीत सांगायचं होतं. त्यावर युनूसची सुटका होती.

तारखेला बबनराव आला. माझ्या डाव्या कडेला, अगदी काठावर बसला. उजवी टाच सारखी हलवत होता, मला ती आतापर्यंत जाणवते. युनूसची बायको हमीदा बाजूच्या चिंचेखाली बायांमध्ये बसली होती. तिनं त्याला पायऱ्या चढताना पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिथून पायऱ्या दिसायच्या, व्हरांडा नाही; आणि बाजाराचा दिवस, गाड्यांच्या खडखडाटात वाहिदचा आवाजसुद्धा तिकडे पोचला नाही.

समोर लिंबाखाली एक माणूस उभा होता. ज्यांनी खरी चोरी केली त्यांचा. काडीनं दात कोरत बबनरावकडे बघत होता.

वाहिदनं पहिला पुकारा केला. बबनरावची टाच थांबली. दुसरा केला. मांड्या दगडासारख्या झाल्या. तिसरा केला, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी माझा काठ धरला, इतका घट्ट की नखं लाकडात रुतली. उठला नाही. वाहिद त्याला चेहऱ्यानं ओळखत नव्हता, आणि पुकारणाऱ्याची नजर नेहमी लांब असते, पायाशी नसते. तो आत वळला. “हाजिर नाही, साहेब.”

मी काय करणार? बाकाला कोणी साक्षीला बोलवत नाही.

युनूसला दोन वर्षं सजा झाली. पण त्यानं ती काढली नाहीत. त्याच हिवाळ्यात नागपूरच्या जेलात विषमज्वरानं गेला. चाळीस दिवस झाल्यावर हमीदा कचेरीत आली आणि वाहिदसमोर उभी राहिली. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून.

“वाहिदभाई, बबनराव आलता. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. आलेला मानूस पुकारल्यावर काहून नाही उठन? तुम्ही पुकारलंच नाही.”

“भाभी, खुदाची कसम, तीनदा पुकारलं.”

“मंग तो काय हवेत गेला?”

बबनराव तर मळ्याबाहेर पडेनासा झाला होता, त्याला विचारणार कोण? मोहल्ल्यानं हमीदाचं खरं मानलं. वाहिदनं पैसे खाऊन तिसरा पुकारा गिळला, असं लोक उघड म्हणू लागले. ईदला त्याच्या घरची शेवई हमीदाकडे जायची आणि रुमाल न काढता तशीच परत यायची. वर्षानुवर्षं जायची, परत यायची. वाहिदचा आवाज पुढे पुढे बसत गेला.

बबनराव पुढल्या वर्षी वारला. अंथरुणात, रीतसर. दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हा लोक म्हणाले, सुटला, काही इच्छा राहिली नव्हती. कावळ्याला काय कळतंय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला माझ्या डाव्या कडेला वजन आलं. दिसायला कोणी नाही. काठावर बसलेलं, आणि उजवी टाच हलतेय.

मी लाकूड आहे, मला भीती वाटू नये. पण वाटली. खोटं कशाला बोलू?

मग ते रोजचंच झालं. सकाळी यायचा, संध्याकाळी कचेरी बंद झाली की जायचा. चिमण्या माझ्यावर सगळीकडे बसायच्या, तिथं नाही. व्हरांड्यातलं कुत्रं त्या बाजूला झोपत नसे. धूळ सगळीकडे साचायची, ती वीतभर जागा मात्र पुसल्यासारखी. माझी फळी त्या टोकाला हळूहळू वाकली. सुतार आला, पाहून गेला, म्हणाला, लाकूड पोकळ झालं असेल. पोकळ म्हणे. माझं लाकूड.

पुढे कचेरी नव्या इमारतीत गेली. नव्या खुर्च्या आल्या, आम्हा तिघा भावांना जड म्हणून इथंच टाकलं. मला वाटलं, आता तो तिकडे जाईल. नाही गेला. रिकाम्या व्हरांड्यात आम्ही दोघंच.

मग एक हौशी तहसीलदार आले. जुनी वास्तू लोकांनी पाहावी म्हणाले, आणि बाजाराच्या दिवशी कचेरी उघडी ठेवायचं ठरलं. दाखवायला कोण? तर वाहिद. तोवर त्याला पेन्शन लागलं होतं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन ऐटीत यायचा. “इथं साहेब बसत. इथं वकील. हा पंखा बाहेरून दोरीनं ओढत.” लोकांना एकच विचारायचं असायचं, फाशी कुठं देत? इथं फाशी देत नव्हते म्हटलं की तोंडं पडायची. आरोपीच्या पिंजऱ्यात जो तो उभा राहून घ्यायचा, हसायचा. साक्षीदाराच्या कटघऱ्यात मात्र कोणी चढत नसे. मला याची मोठी मौज वाटते.

शेवटी वाहिद पुकारा करून दाखवायचा. नाव मात्र बनवलेलं, “हवासिंग वल्द तुफानसिंग, साकिन हवापूर, हाजिर हैऽऽ?” लोक पोट धरून हसायचे.

आता त्या दिवसाचं सांगतो. कचेरी सरकीच्या पोत्यांसाठी गोदाम म्हणून द्यायचं ठरलं होतं आणि बघायला येणारी ती शेवटची टोळी. महिला मंडळाच्या बाया होत्या, त्यांना घेऊन शाळेतल्या विजयमालाबाई आल्या होत्या. सगळ्यांच्या मागं, डोक्यावरून ओढणी घेतलेली हमीदा. तिला पाहून वाहिदच्या हातातला जुडगा वाजला. तरी त्यानं आतलं सगळं दाखवलं, पण एरवीची ऐट नव्हती.

बाया व्हरांड्यात आल्या. विजयमालाबाई दमून माझ्या डाव्या कडेला बसल्या आणि ताडकन उठल्या.

“इथं ओलं आहे का हो?” लुगडं चाचपून पाहिलं, तर कोरडं.

“तिकडं नका बसू, बाई,” वाहिद म्हणाला. “त्या बाकाचा पाय लचकेल हाये.”

माझा पाय ठणठणीत होता. तेव्हा मला कळलं, वाहिदलाही काहीतरी ठाऊक आहे.

त्यानं घाईघाईनं हवासिंगाला पुकारलं. बाया हसल्या. हसू विरलं तेव्हा हमीदा बोलली.

“खोटं नाव कायले घेता? त्या दिवशीचं घ्या.”

“कोन्या दिवशीचं, भाभी?”

“तुमाले मालूम हाये.”

वाहिद खाली बघायला लागला. “मेलेल्या मानसाले मी पुकारत नाही. आजवर पुकारलं नाही.”

“जिता होता तवा तरी पुकारलं काय? उद्यापासून इथं पोते पडतीन. मंग मी कोनाले इचारू? मले मरायच्या आधी आयकू द्या. त्या दिवशी पुकारलं म्हनता ना, तसंच पुकारा.”

विजयमालाबाईंनी मध्ये पडून पाहिलं, “जाऊ द्या हो, जुनं झालं ते.” हमीदानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वाहिदनं टोपी सारखी केली. उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. लिंबाकडे पाहिलं.

“बबनराव वल्द पंजाबराव, हाजिर हैऽऽ?”

माझ्या कडेला हलणारी टाच थांबली.

दुसरा पुकारा झाला. वजन वाढलं. फळी इतकी खाली गेली की माझा डावा पाय फरशीत रुततोय असं वाटलं. दोन हातांनी माझा काठ धरला. त्याच जागी, त्याच खुणांवर.

तिसऱ्याला वाहिदचा आवाज फाटला. तरी त्यानं तो सोडला नाही, लांबवत नेला, हाजिर हैऽऽऽ.

आणि बबनराव उठला.

माझी वाकलेली फळी कट्कन वर आली. सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या टोकाला ठेवलेली विजयमालाबाईंची पिशवी खाली पडली. उंबऱ्याकडे पावलं गेली. दिसलं कोणालाच काही नाही, पण वाहिद जन्माच्या सवयीनं अंग चोरून बाजूला झाला आणि वाट दिली. आत माझ्या भावाचं, कटघऱ्याचं फाटक कुरकुरलं, उघडलं, लागलं.

बायांनी एकमेकींचे पदर धरले. विजयमालाबाई तोंडातल्या तोंडात रामरक्षा पुटपुटू लागल्या. हमीदा मात्र वाकली आणि त्या वीतभर जागेवर हात ठेवला. विहिरीतल्या पाण्यासारखी गार होती ती. बोटं काठावरून फिरवत नखांच्या खुणांपाशी आली आणि थांबली.

“इथंच होता,” ती म्हणाली. “तुम्ही पुकारलं, आनि हा इथंच बसला होता.”

वाहिद लहान पोरासारखा रडत होता. “मी लिंबाकडं पाह्यत होतो, भाभी. मी खाली पाह्यलंच नाही.”

हमीदा आत गेली. कटघऱ्यासमोर उभी राहिली. “बोल आता,” म्हणाली.

सगळ्यांनी कान दिले. आतून काही आलं नाही. सात वर्षांनी उठायचं त्याला जमलं होतं, बोलायचं जमलं नाही. मेल्यावरसुद्धा भीती सुटत नाही माणसाची. मला त्याची चीड आली आणि कीवही आली.

मग हमीदानं साहेबाच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि ओढणी सावरली.

“मले कोनी पुकारलं नाही साहेब, तरी मी सांगतो. त्या रात्री माहा मालक बबनरावच्या मळ्यात होता. पाहाटे घरी आला तवा दोन्ही हात कोपरापरेंत तेलानं कायेकुट्ट होते. म्या पानी तापवलं. म्या त्याचे हात धुतले. त्यानं चोरी नाही केली. लिवा.”

खुर्ची रिकामी होती. पण दारात उभ्या सगळ्या बायांनी ऐकलं, आणि बायांनी ऐकलेलं दिवे लागायच्या आत अख्ख्या गावानं ऐकलं.

कटघऱ्याचं फाटक पुन्हा कुरकुरलं. त्यानंतर ते वजन माझ्याकडे कधी आलं नाही.

जाताना वाहिद डोळे पुसत कुलपाचं भोक शोधत होता. हमीदानं त्याच्या हातातून किल्ली घेऊन कुलूप लावलं. “चला भाई,” म्हणाली, “चाय पिऊन जा.” दोघं हळूहळू मोहल्ल्याकडे गेले. त्या वर्षीच्या ईदला वाहिदच्या घरचं शेवईचं ताट रिकामं होऊन परत गेलं, असं मी ऐकलंय.

गोदामवाल्यांना माझी अडगळ झाली. त्यांनी मला उचलून एस.टी. स्टँडवर आणून टाकलं, तेव्हापासून इथंच आहे. ऊन लागतं, लोक पानाच्या पिचकाऱ्या मारतात, एका पायाला वाळवीनं धरलंय. जास्त दिवस नाहीत माझे. पण इथं मला बरं वाटतं. कंडक्टर ओरडतो, “आर्णी, आर्णी,” आणि माझ्यावर बसलेली माणसं पटकन उठतात. म्हातारी असो, लेकुरवाळी असो, गाठोडं उचलतात आणि निघतात. कोणी माझा काठ धरून बसत नाही. असंच उठत जा, बाबांनो. तुमच्या एका उठण्यावर कोणाची तरी बायको चिंचेखाली जीव मुठीत धरून बसलेली असते.

ती बघा, तुमची राळेगावची गाडी लागली. उठा.