अकरा इंचांचे अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर समुद्राचे निळे कागद डकवून मला घडवले. दुकानातून मी थेट विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या काकांच्या टेबलावर आलो. अमुक विमानतळ किती लांब, किती तास, असे कुणी विचारले की काका माझ्यावर दोरा ताणत आणि चुटकीसरशी उत्तर देत. संगणक आला तरी माझा मान गेला नाही. काय तो माझा तोरा होता!

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई धावत आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. त्यांचे बाबा दूरदेशी, दादाच्या घरी, शेवटच्या घटका मोजत होते. फोन कानाला लावलेलाच होता.

"काका, किती तास लागतील? लवकर सांगा हो!"

काकांनी सवयीने दोरा ताणला. "बारा हजार किलोमीटर. चौदा तास उडायचं."

ताई फोनवर ओरडल्या, "बाबा, चौदा तास! तेवढा दम धरा. मी आलेच."

पलीकडून क्षीण आवाज आला, "ये बाळ. चौदा तास काढतो मी."

मग काका तिकीट पाहू लागले. थेट विमान भरलेले होते. दुसऱ्या वाटेने उडायचे तास तेवढेच, पण मधल्या विमानतळावर दहा तास बसायचे. एकूण चोवीस!

ताईंनी दादाला पुन्हा फोन लावला. दादा म्हणाला, "बाबांना आता नको सांगूस गं. चौदा ऐकून दोन घोट पाणी प्यायलेत." ताईंनी फोन ठेवून दिला.

निघताना त्यांनी गळ्यातली पट्टी माझ्यावर, इथून दादाच्या देशापर्यंत, लावली. अकरा इंच. घट्ट ओढून पुन्हा लावली. अकराच. "एका बाहीएवढंसुद्धा नाही हो हे!" म्हणाल्या आणि हमसून हमसून रडल्या. मला आक्रसून लहान व्हावेसे वाटले, पण पुठ्ठ्याला ते कुठले जमायला?

महिन्याभराने ताई परत आल्या. बाबांनी चौदा तास खरोखरच काढले होते. पंधराव्या तासाला त्यांनी विचारले, "आली का?" सोळाव्याला पुन्हा विचारले. मग म्हणाले, "तिचं विमान पडलं. तुम्ही लपवताय माझ्यापासून." दादाने परोपरीने समजावले, आता चोवीस तासही सांगितले. पण त्यांना ते पटले नाही. लेक गेली, याच समजुतीत त्यांनी प्राण सोडला. ताई तेव्हा मधल्या विमानतळावर बाकावर बसून होत्या.

"आधीच चोवीस सांगितलं असतं, तर निदान सुखानं डोळे मिटले असते," ताई म्हणाल्या.

काकांना तोंड वर करवेना. त्या दिवसापासून मी कपाटावर आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणत नाही. पण कुणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याला खरे तास सांगा. कितीही असोत, खरेच सांगा.