येते म्हणाली पोरगी

घरी मला मिरची म्हणतात, ते काही उगाच नाही. शिलाई मशीनवरून मान वर न करता आजी "आज नाही सांगणार" म्हणाली, तेव्हा माझं डोकं असं तापलं की विचारू नका. काल नाही, परवा नाही, आजही नाही!

आफ्रिकेचा इतिहास आणि संस्कृती शिकायला मी एका सत्रासाठी आफ्रिकेतल्याच विद्यापीठात आले होते. तिथल्या सरांनी पहिल्याच तासाला बजावलं, "ग्रंथालय कुठे पळून जात नाही. आधी माणसं गाठा. एका घराण्याची कहाणी त्या घरच्याच तोंडून ऐका, आणि वर्गासमोर तोंडी सांगा. कागद चालणार नाही." मला मिळाली वसतिगृहामागच्या गल्लीतली शिंपीण. अख्खी गल्ली तिला आजी म्हणायची, म्हणून मीही. वर्ग सुटला की दुकानात जायचं, गुंड्या टाचू लागायचं, आणि ती आपल्या पणजीबद्दल सांगायची. पणजी अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून निघाली, चालत चालत नदीपाशी आली, आणि तिथेच आजीच्या तोंडाला कुलूप! पणजीला काठावर सोडून मी वर्गात सांगणार काय, कपाळ? मार्कांचं सोडा, नदीपलीकडे तिचं काय झालं या काळजीने मला झोप लागत नव्हती.

मी तणतणत बाहेर पडले, तर आजीची सून मागोमाग आली. तिला मी वहिनी म्हणायचे.

"तू रोज सासूबाईंशी खोटं का बोलतेस गं?"

"मी? खोटं?"

"निघताना रोज 'येते' म्हणतेस. त्या दुकान बंद करत नाहीत, जेवत नाहीत. मी ताट झाकून ठेवते. म्हणतात, पोरगी येते म्हणाली आहे, येईल. आणि तुझा पत्ता नाही! परवा म्हणाल्या, जिला स्वतःचा एक शब्द सांभाळता येत नाही, तिच्या हवाली पणजीचे शब्द कसे करू?"

मी पायरीवर बसले. भाषा तिथली घोकली होती, पण जीभ आईच्या धाकात वाढलेली. दारातून निघताना 'जाते' म्हटलं की आईने डोळे वटारलेच. तेच मी सरळ त्यांच्या भाषेत करून टाकलं होतं. राग कुठल्या कुठे गेला, रडूच यायला लागलं.

तशीच आत गेले. "आजी, आमच्यात निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही. ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. म्हणून 'येते' म्हणायचं. मागे राहतं ते म्हणतं, 'ये.'" ते दोन शब्द मी मराठीतच म्हणून दाखवले.

"म्हणजे लगेच नाही येणार?"

"उद्या."

"मग 'उद्या' म्हणायला जीभ झिजते का तुझी?" आजी चष्मा घसरेपर्यंत हसली. "आणि मी मेली उपाशी बसले! बस इथे. तर नदीला पाणी चढलं होतं..."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून मी न चुकता म्हणायचे, "जाते, उद्या येईन."

वर्गात मी सांगत होते तेव्हा आजी मागच्या बाकावर ओठ हलवत बसली होती. एके ठिकाणी मी पणजीला घाईघाईने नदीपार केलं, तर ती मुद्दाम खोकली. मी मुकाट्याने पणजीला परत काठावर आणलं. सर गालात हसत होते.

शेवटच्या दिवशी बॅग घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिले. त्यांच्या भाषेत, अगदी शुद्ध म्हटलं, "आजी, जाते." पुढे 'उद्या' नव्हतं.

तिचा चेहरा पडला. हातातली कात्री तिने बाजूला ठेवली. "ते नको. तुझ्या घरचं म्हण."

"येते," मी मराठीत म्हटलं आणि रडले. परत कधी येणं होणार, मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. मी वळून चालू लागले.

कोपऱ्यापर्यंत पोचले असेन. मागून आजीने मराठीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "ये!"