चहाच्या नाचाचा पिवळा झगा

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या एका चर्च हॉलमागच्या कपाटातून मी बोलतोय. जन्माने मी झगा. पिवळं सॅटिन, रुंद बाह्या, पाठीवर काळा ड्रॅगन. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या हौशी बॅले मंडळींनी मला नाताळच्या बॅलेसाठी शिवून घेतलं.

तो बॅले तुम्ही पाहिला असेल. एका मुलीला नाताळात अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई भेट मिळतो. तो जिवंत होतो, उंदरांशी लढतो आणि तिला मिठायांच्या देशात नेतो. तिथे चॉकलेट, कॉफी, चहा, सगळे तिच्यासमोर नाचतात. मी चहाचा. चहा चीनचा, म्हणून मला घालणाऱ्या मुलाला लोंबत्या मिशा लावायचे, काजळाने डोळे तिरके रेखायचे. तो दोन बोटं वर करून, मान डोलावत तुरुतुरु पळायचा. लोक हसायचे. वर्षभर कपाटात लटकणाऱ्याला ते हसू किती गोड लागायचं, काय सांगू!

वीस वर्षांपूर्वी कपाटाच्या किल्ल्या सुनेत्राबाईंकडे आल्या. त्या पुण्याच्या, इथे डॉक्टर. दवाखान्यातून सुटल्या की येऊन आमचं उसवलेलं शिवायच्या. त्यांच्याच टाक्यांवर मी टिकलो.

गेल्या वर्षी त्यांची नात, अकरा वर्षांची तनिषा, मला घालून तालमीला उभी राहिली. तिची मैत्रीण लिन बघायला आली होती. लिनचं कुटुंब नुकतंच हाँगकाँगहून आलेलं. तनिषा तुरुतुरु पळू लागली तशी बाकीची मुलं हसली. लिन मात्र उठली आणि कोट घेऊन बाहेर गेली.

थोड्या वेळाने तनिषाने मला काढून आजीच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, मी हे नाही घालणार. लिन रडला."

"रडली," आजीने सवयीने सुधारलं. "अगं, इतकी वर्षं हा नाच असाच होतोय. कोणी काही बोललं नाही."

"पण कोणी विचारलंच नाही ना."

सुनेत्राबाईंनी माझ्या बाहीवरून हात फिरवला. मग त्यांनी नातीला एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणाला माहीत नव्हती. पहिल्या नोकरीत स्टाफरूममध्ये त्यांच्या इंग्लिशची रोज नक्कल व्हायची, आणि सगळ्यांबरोबर त्याही हसायच्या.

मला घाम फुटला असता, फुटत असता तर. ज्या हसण्यावर मी जगलो, ते असं होतं तर!

दिग्दर्शिका हेलन आधी ऐकेनात. परंपरा आहे, म्हणाल्या. सुनेत्राबाईंनी विचारलं, कुठली? एकशेतीस वर्षांपूर्वी रशियात हा बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा तो फारसा कोणाला रुचला नव्हता. पुढे ज्याने हातात घेतला त्याने तो बदलला. कुठे मुलीचं नाव वेगळं, कुठे तिचं काम मोठी नर्तकी करते, कुठे शेवटी ती स्वप्नातून जागी होते, कुठे होतच नाही. टिकलं ते संगीत. तेवढं ठेवू या.

हेलननी दोन दिवस मागून घेतले. त्या संगीतातले बासरीचे उंच सूर पुन्हा पुन्हा ऐकले, आणि त्यांना त्यात बागेतल्या गोल्डफिंच पक्ष्यांचा थवा दिसला. तपकिरी अंग, पंखांवर पिवळा पट्टा.

पिवळं कुठून आणायचं, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

कात्री लागली तेव्हा मी भ्यालो, खोटं कशाला बोलू? पण सुनेत्राबाईंचा हात डॉक्टरचा. अकरा मुलांच्या पंखांवर मी वाटला गेलो. डिसेंबरात पडदा उघडला, थवा रंगमंचभर भिरभिरला, आणि कोणी हसलं नाही. सगळे श्वास रोखून बसले होते. मग टाळ्या पडल्या. पूर्वी दीड मिनिटात एकट्याने पळणारा मी, आता अकरा ठिकाणांहून एकदम उडत होतो.

यंदा पुन्हा तालमी सुरू झाल्यात. कालच लिनने थव्यात नाचायला नाव दिलं. सुनेत्राबाईंनी चिंध्यांची पिशवी उपसली आणि तळातून माझा गळपट्टा काढला. लिनच्या दंडाला लावून पाहिला. दोन बोटं कमी पडतोय.

ताणा, सुनेत्राबाई. मी पुरेन.