दोन परागकणांचा फरक

फरक दोनाचा होता. फोटोत परागकण चाळीस असोत की चारशे, इतर प्रयोगशाळांमध्ये माझा प्रोग्रॅम बरोबर दोन कमी मोजायचा. माझ्याकडे मात्र अचूक.

हवेतले परागकण मोजणारा हा प्रोग्रॅम मी नऊ वर्षं लिहीत होते. सहा प्रयोगशाळांनी तो घेतला. पाचांनी गुपचूप बाजूला ठेवला. सहावीकडे, दम्याच्या एका दवाखान्यात, एक तंत्रज्ञ होती. तिनं कळवलं, "कोड पाहू द्या, नाहीतर आम्हीही पुन्हा हातानंच मोजू." तीही गेली असती, तर दोन वर्षांनी माझ्या निवृत्तीबरोबर प्रोग्रॅमही संपला असता.

माझी नणंद संगणकवाली. कोड सगळ्यांसाठी खुला कर, हे तिचं पालुपद जुनंच.

"वहिनी, आत काय आहे ते दाखवत नाहीस, मग लोकांनी भरवसा कशावर ठेवायचा? तुझ्या चेहऱ्यावर?"

"आणि चुका दिसल्या म्हणजे?"

"दिसू देत की. खाणार आहेत का तुला?"

"वन्सं, तुम्ही चहा घ्या," मी म्हटलं. पण तंत्रज्ञेला, तिच्या एकटीला, कोड पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. आठशे बारावी ओळ: एकूण आकड्यातून दोन वजा.

माझे कान तापले. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यावर दोन बारीक डाग आहेत. ते परागकण म्हणून मोजले जात, म्हणून पहिल्याच वर्षी मी ते वजा केले आणि विसरून गेले. जगातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर माझेच डाग असल्यासारखं.

तिनं ती ओळ नुसती काढली नव्हती, तिच्या जागी नवी रीत लिहिली होती. आधी कोरी काचपट्टी दाखवायची. प्रोग्रॅम त्या कॅमेऱ्याचे डाग स्वतः ओळखणार, मगच मोजणार. एकोणीस ओळी. मी कोरी पट्टी ठेवली. पडद्यावर माझ्या दोन डागांभोवती दोन वर्तुळं उमटली. जिला मी कधी पाहिलंही नाही, ती माझ्याच विचाराच्या वाटेनं चालत आली होती आणि माझ्यापुढे चार पावलं गेली होती.

पत्राच्या शेवटी तिनं विचारलं होतं, उरलेल्या पाच प्रयोगशाळांना हे पाठवू का?

नणंदेनं माझ्या खांद्यावरून ते वाचलं. "मग? काय कळवतेस?"

"पाचांनाच कशाला," मी म्हटलं. "सगळ्यांसाठी खुला करायचा. आजच."