पानाखालचं नाव

मशीनने बारावा छल्ला संपवून तेरावा धरला आणि फोन वाजला. नागसेनने डोळ्यांवरचा हिरवा चष्मा कपाळावर सरकवला. पलीकडे प्रीती होती, त्याची मेहुणी. आदल्या दिवसापासून ती जालन्याच्या दवाखान्यात बहिणीच्या उशाशी होती.

“दाजी, पोरगी झाली,” ती म्हणाली. “ताई गेली.”

“हं,” तो म्हणाला.

फोन कानाला तसाच राहिला. साच्यात किल्ल्यांचे स्टीलचे वीस छल्ले होते, परतूरच्या एका शाळेच्या निरोप समारंभाचे. एकेकावर एकेका पोराचं नाव. मशीन बंद करायचं लाल बटण हातापासून वीतभर लांब होतं. मधेच बंद केलं की अर्धवट राहिलेलं अक्षर पुन्हा जागेवर जुळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्या वेळी दुसरं काहीच ठाऊक नव्हतं. तेरावा झाला, चौदावा झाला. विसावा संपून मशीन आपोआप थांबलं. पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता. त्याने छल्ले कापडाने पुसले, पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली. मग खाली बसला.

मशीन त्याच्या बायकोच्या, मोनालीच्या हौसेचं. लेसरने धातूवर नाव, फोटो, काय हवं ते उमटायचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून दोघांनी धंदा सुरू केला होता. वाढदिवसाचे पेन, लग्नातल्या भेटीच्या पट्ट्या, डॉक्टरांच्या नावाच्या पाट्या. गिऱ्हाईक मोनाली बघायची, मशीन तो चालवायचा. ती आधी नाव कागदावर लिहून घ्यायची आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायची. “बराबर बघून घ्या बरं,” म्हणायची. “एकदा बसलं की निघत न्हाई.”

ती गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या फोटोखाली लावलेली पितळी पट्टीही त्यानेच केली. ‘कालकथित मोनाली नागसेन’. ती मात्र त्याने कुणाला वाचून दाखवली नाही.

पोरीला चौथा महिना लागला तेव्हा सासरे साहेबराव शहागडहून आले. चहा घेतला, नातीला मांडीवर घेतलं, मग स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचा एक तांब्या उचलून आणला आणि मशीनच्या टेबलावर ठेवला. लग्नात त्यांनीच दिलेल्या एक्कावन्न भांड्यांतला तो. भांड्याच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव त्याच्यावर होतं. ‘मोनाली हिला आई-वडिलांकडून सप्रेम भेट’.

“नागसेनराव, हे नाव काढता येतंय का?”

“काढता न्हाई येत, मामा. झाकता येतं.”

“मंग झाका. अन् खाली प्रीतीचं घाला.”

नागसेन तांब्यावरच्या ठिपक्यांकडे बघत बसला. त्याच्या आणि प्रीतीच्या लग्नाची बोलणी महिन्यापूर्वी झाली होती, तेव्हाही तो याच टेबलापाशी असाच बसला होता.

“परक्याची पोरगी आली तर माझ्या नातीला जपंल का?” साहेबराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी गमछ्याने पुसले आणि तांब्या पुढे सरकवला. “मावशी ती मावशी. तिला वेगळं काय देऊ? हेच भांडे तिचे.”

नागसेनची आई सगुणाबाई दारात उभी होती, नातीला खांद्यावर थोपटत.

“बराबर बोलले इवाई,” ती म्हणाली. “रात-दिस हिला सांभाळून माही कंबर गेली. अन् प्रीती हाडापेरानं चांगली हाय. मोनाली नाजूक होती. हिला बाळंतपणात काही व्हायचं न्हाई.”

साहेबरावांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत.

नागसेनने संगणकावर पिंपळपान घेतलं, आतून भरीव केलं, नावाच्या मापाचं केलं. मशीन सुरू झालं. निळसर ठिणगी ठिपक्यांवरून आडवी फिरत गेली आणि मोनाली, आई-वडील, सप्रेम भेट, सगळं एका काळ्या पानाखाली गेलं. पानाच्या खाली नवी ओळ आली. ‘प्रीती हिला आई-वडिलांकडून सप्रेम भेट’.

साहेबरावांनी पानावरून अंगठा फिरवला.

“हाताला लागतंय अजून.”

“ठिपके खोल हायेत, मामा.”

“लागू द्या. डोळ्याला दिसत न्हाई, झालं. ऐतवारी लग्नाला विहारात वेळेवर या.” नातीच्या हातात कडं घालून ते निघाले.

गुरुवारी दुपारी प्रीती आली. जालन्याहून रेल्वेने, पाठीला कॉलेजची बॅग. नर्सिंगचं दुसरं वर्ष, पुढच्या महिन्यात परीक्षा. पुढच्या खोलीत सतरंजीवर भांडी एकावर एक रचलेली होती. ताटं, वाट्या, डबे, तांबे. तिने एक ताट उचललं, खिडकीकडे धरलं आणि वाचलं.

“हे कधी केलं?”

“परवापासून करून राह्यलो. मामांनी सांगितलं.”

“तुमाला इचारलं न्हाई का कुणी?”

“इचारलं.”

“मंग काय म्हणले तुमी?”

तो डब्याचं झाकण पुसत राहिला. पुसून झालेलं झाकण त्याने पुन्हा पुसलं.

“दाजी, आबा माझं ऐकत न्हाईत. माय म्हणती, बहिणीच्या लेकरासाठी एवढं बी करू न्हाई का? पण तुमी न्हाई म्हणले की मोडतंय. तुमच्या एका फोनवर मोडतंय. पोरीला मी बघीन. सुट्टी असली की येईन, पायजे तर शहागडला नेऊन ठेवीन. पण मला परीक्षेला बसायचं हाय. तुमी मला लहानपणापासून बघता. तुमाला तरी पटतंय का हे?”

“न्हाई पटत.”

“मंग करा फोन.”

“करतो.”

“आत्ता करा. माझ्यासमोर.”

“एवढा डबा होऊ दे,” तो म्हणाला. डबा मशीनखाली होता. पान निम्मं भरलं होतं.

ती उभी राहिली. हातातलं ताट तिने जागेवर ठेवलं, आवाज न करता.

“त्या दिवशी बी हाच आवाज होता,” ती म्हणाली. “मी फोन धरून उभी होते. ताई शेजारच्या खाटंवर. तोंडावर चादर घातली नव्हती अजून. मला वाटलं, आता बंद करतील, आता बंद करतील. मंग मीच ठेवला.”

नागसेनने कपाळावरचा हिरवा चष्मा डोळ्यांवर ओढला.

आत पोरगी रडायला लागली. सगुणाबाईने हाक दिली, “प्रीती आली का ग? ये बाई, घे हिला. आता तुहीच हाय.”

प्रीती हलली नाही. रडणं वाढत गेलं. पोरीला ठसका लागला तशी तिने बॅग खाली टाकली आणि आत गेली. थोड्या वेळात पोरगी गप झाली. घरात नुसता मशीनचा आवाज उरला आणि नागसेनला बरं वाटलं. असं शांत घर त्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

डबा झाला. त्याने दुसरा लावला.

गाडीची वेळ झाली तशी प्रीती बाहेर आली. कुर्त्याच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. तिने बॅग पाठीला लावली.

“केला?”

“करतो.”

“आबा सातला जेवून झोपतात,” ती म्हणाली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.

त्याने खिडकीतून ती वळेपर्यंत पाहिलं. मग वाट्या घेतल्या. वाट्या लहान, त्यांना पान बारीक करावं लागलं. सगळ्यात शेवटी मोनालीचं रोजच्या जेवणाचं ताट निघालं. घासून-घासून त्यावरचे ठिपके जवळजवळ पुसून गेले होते. झाकायला फारसं काही नव्हतं. तरी त्याने पान लावलं, सगळी सारखी दिसावीत म्हणून.

मशीन थांबलं. त्याने ताट पुसून ढिगावर ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेसात वाजले होते.

एक्कावन्न भांडी झाली होती. फोन करायचा राहिला होता.